लताची दुपार

सुमन म्हटलं की तिचा चेहरा मला नंतर दिसतो. आधी ऐकू येते ती एक थाप. दुधाच्या कॅनचं झाकण घट्ट बसावं म्हणून त्यावर उघड्या तळव्यानं मारतात तशी, जराशी बोथट, जराशी पोकळ, आणि तिच्यामागून येणारी क्षणभराची स्तब्धता. चौथीतली ही मुलगी काही नवं शिकली की पाटीवर तळवा टेकवून अशी एक थाप मारायची आणि मग खिडकीबाहेर पाहायची. खिडकीबाहेर त्या वर्षी पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. बालाघाटाचे उघडेबोडके डोंगर, लिंबागणेशच्या बाजूनं येणारा पांढराफटक रस्ता, आणि त्या रस्त्याकडेला टँकरची वाट पाहत ओळीनं मांडून ठेवलेल्या घागरी.

आमची शाळा दोन खोल्यांची, पाचवीपर्यंतची. दुसऱ्या गुरुजींची बदली झाली आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही, म्हणून शिकवायला मी एकटीच. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी फिरकला नव्हता. आकाशाचा रंग श्रावणातही फाल्गुनासारखा होता, आणि ऋतूंनी आपापली नावं टाकून देऊन एकाच उन्हात मिसळून जायचं ठरवलं असावं असं वाटायचं. माणसं त्यावर बोलायचीसुद्धा थांबली होती. आरंभी जी चिडचिड होती, हळहळ होती, ती ओसरून गेली आणि तिच्या जागी एक बधिरपणा आला. दाढेला सुई दिल्यावर जीभ तिथे फिरते, पण काही जाणवत नाही, तसा. मीही त्यातलीच. फळ्यावर तारीख लिहायची, प्रार्थना घ्यायची, खिचडीची ताटं पाण्याऐवजी राखेनं घासून घ्यायची, हे सगळं माझे हात करत होते आणि मी ते पाहत होते.

सुमन बारीक चणीची, केस उन्हानं तांबूस झालेले, लाल रिबिनीचं एक टोक नेहमी सुटलेलं. काठोकाठ भरलेलं भांडं हातात असावं तशी ती चालायची. हात रिकामे असले तरी. कारण तिचा सारा जन्म दूध सांडू नये या काळजीत गेला होता. तिचे वडील, ज्यांना अख्खं गाव आप्पा म्हणायचं, सहकारी दूध सोसायटीत माप घालायचे. पहाटेच्या अंधुक उजेडात माणसं चरव्या घेऊन यायची, आप्पा लिटरचं माप बुडवायचे, आणि दुधाचा तो उबदार, किंचित आंबूस वास शाळेच्या ओसरीपर्यंत यायचा. कुणी एखाद्या दिवशी स्वतः येऊ शकला नाही आणि शेजाऱ्याच्या हाती दूध पाठवलं, तर आप्पा ते इतरांच्या दुधात कधी ओतत नसत. वेगळ्या कॅनमध्ये ठेवायचे, झाकणावर थाप मारायचे, कॅनला ओलं पोतं गुंडाळायचे आणि मालक येऊन उभा राहील तेव्हाच, त्याच्या नजरेसमोर, मापायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, "ज्याचं हाय त्यानं बघाया पाहिजे. तवर आपलं न्हाई." सुमन हे ऐकतच मोठी झाली होती.

दिवाळी सरली आणि नेहमीप्रमाणे ट्रक आले. आमच्या भागात नवराबायकोच्या जोडीला कोयता म्हणतात; ऊस तोडायला माणसं नव्हे, कोयते जातात. ते कारखान्याच्या रानात कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, घालून राहतात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. कोयत्यांबरोबर त्यांची पोरं जातात, कारण तान्ह्याला सांभाळायला कुणीतरी लागतं. त्या वर्षी निम्म्याहून अधिक शाळा ट्रकवर चढली. त्यात लता होती, सुमनच्या शेजारी बसणारी, हसताना तोंडावर हात घेणारी, पाढे म्हणताना सातावर हमखास अडखळणारी लता.

दुसऱ्या दिवशी मी हजेरी घेतली. लताचं नाव आलं. मी पुढे जाणार तोच सुमन उभी राहिली.

"बाई, तिचं मी ठेवते."

मला आधी उमगलं नाही. तिनं समजावून सांगितलं, एखाद्या मोठ्या बाईनं सांगावं तसं, घाई न करता. लता नाही तोवर तिच्या वाट्याचं शिकणं आपण ठेवून घेऊ, ती आली की तिच्यासमोर काढून देऊ. वर्गातली उरलेली मुलं ऐकत होती. मग एकेक जण उठला, कुणी भावाचं ठेवतो म्हणाला, कुणी चुलत बहिणीचं. दोन-चार दिवसांत त्याची घडी बसली. सकाळी शिकवायचं ते हजर असलेल्यांचं, दुपारी खिचडीनंतर शिकवायचं ते गेलेल्यांचं. मुलांनीच त्याला सोसायटी असं नाव दिलं. मी हरकत घेतली नाही. खरं सांगायचं तर कितीतरी महिन्यांनी माझ्या आत काहीतरी हललं होतं.

तेव्हापासून हजेरीत लताचं नाव आलं की सुमन शांतपणे म्हणायची, "ठेवलंय."

त्या दुपारी मला अजून दिसतात. पत्रा तापून टकटक वाजायचा, भिंतीच्या सावलीची कड हळूहळू आत सरकायची, आणि मुलं जमिनीवर चुन्यानं काढलेल्या नकाशातल्या नद्यांवर अनवाणी पायांची बोटं फिरवायची. गोदावरीवर बोट ठेवून एका पोरानं विचारलं होतं, हिच्यात पाणी असतं का. लिटर आणि मिलिलिटर शिकवायचे होते तेव्हा पाणी सांडायची सोय नव्हती. सुमननं सोसायटीतलं माप आणलं आणि आम्ही कोरड्या नदीतली वाळू मापली. माप भरताना ती डोळे बारीक करायची, वर आलेला ढीग तळव्यानं अलगद सपाट करायची, आणि मग पाटीवर ती थाप. लताचं झालं. सोसायटीतलं माप तिला सहज मिळालं, कारण तिथं आता त्याचं काम उरलं नव्हतं. जनावरं चारा छावणीला गेली होती, दूध आटलं होतं, आणि पौषात सोसायटीच्या दाराला कुलूप लागलं. आप्पा काही दिवस त्या बंद दाराशी सवयीनं येऊन बसत. मग तेही थांबलं.

एका संध्याकाळी ते सुमनला घेऊन शाळेत आले. टोपी हातात, नजर जमिनीवर.

"बाई, पुढल्या साली आमी बी कोयता धरणार. दुसरं काय न्हाई आता." मग म्हणाले, "पोरीचं तेवढं बघा. धाकटा लहान हाय. ही इथं ऱ्हायली न्हाई तर तिकडं त्याला घिऊन कोपीवर बसंल. मग शाळा सुटली तिची."

तालुक्याला मुलींची एक निवासी शाळा होती. पाचवीला प्रवेश परीक्षा घेऊन मुली निवडायचे. राहणं, जेवण, सगळं तिथंच. सुमनचं नाव लागलं तर तिला कोपीवर जावं लागणार नव्हतं. हे आप्पांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि आप्पांनी माझ्यासमोरच तिला सांगितल्यामुळे सुमनलाही ठाऊक होतं. तिनं मान हलवली आणि सुटलेली रिबीन बोटाला गुंडाळत राहिली.

तिची हुशारी अशी होती की मला चिंता वाटली नाही. फाल्गुनात मी तिला घेऊन तालुक्याला गेले. केंद्राबाहेर लिंबाखाली बसले. उन्हाची तिरीप पायांवरून गुडघ्यांवर आली, आतून घंटा झाली, मुली बाहेर आल्या. सुमन त्याच चालीनं आली, काही सांडू न देता.

एसटीत खिडकीशी बसल्यावर मी विचारलं, लिटरचं गणित आलं होतं का.

"आलतं."

"मग, बरोबर आलं?"

"सोडून दिलं."

मला वाटलं वेळ पुरला नसेल. तसं मी म्हणालेही. तिनं मान हलवली.

"वेळ लई व्हता, बाई. पर ते दुपारचं हाय. नद्यांचं बी, अपूर्णांकाचं बी. ते लताचं हाय. तिला द्यायच्या आधी मी कसं वापरू?"

गाडी खडखडत होती. बाहेर बाभळी मागे जात होत्या. जन्मभर लिटर मापणाऱ्या माणसाची मुलगी लिटरचं गणित कोरं सोडून आली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेश नव्हता, उलट राखण नीट केल्याचं एक संयत समाधान होतं. मला राग आला नाही. रडूही आलं नाही. तिला म्हणावंसं वाटलं, अगं वेडे, शिकलेलं असं वेगळं राहत नसतं. पण ज्या गोष्टीवर तिच्या बापाचं आयुष्य उभं होतं ती खोटी आहे असं मी कोणत्या तोंडानं सांगणार होते? मी तिची रिबीन नीट बांधली. ती झोपली आणि तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं.

निकालात तिचं नाव नव्हतं. मी तो आप्पांना सांगितला. एसटीतलं बोलणंही सांगितलं. त्यांनी स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "बराबर हाय तिचं." एवढंच म्हणाले आणि गेले.

पाडवा झाला तरी लता आली नाही. गावात पाणी नाही म्हणून तिचे आईबाप तिकडंच वीटभट्टीवर थांबल्याचं कळलं. सुमन रोज रस्त्याकडे पाहायची, पण तिच्या पाहण्यात उतावीळपणा नव्हता. वैशाख अर्धा सरल्यावर एका दुपारी टेम्पोतून ते घर उतरलं. लता काळवंडली होती, हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे होते, आणि हसताना तोंडावर हात घ्यायला ती विसरली होती.

शाळेला सुट्टी होती. तरी त्या दोघी रोज ओसरीवर यायच्या. मी आतल्या खोलीत पुस्तकं आवरत असायचे आणि ऐकायचे. सुमनचा आवाज खाली, सावकाश. माझेच शब्द, माझ्याच ठिकाणी थांबत. वाळू मापात पडल्याचा सरसर आवाज. सातावर अडखळणं, पुन्हा पहिल्यापासून म्हणणं. नद्यांचा नकाशा पुसट झाला होता, तर सुमननं कोळशानं तो पुन्हा काढला. एकेक धडा झाला की ती लताचा तळवा धरून पाटीवर टेकवायची. थाप आता लताच्या हातानं पडायची. इतक्या काळजीनं दिलेलं काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्या बधिर वर्षात मला पहिल्यांदा दुखलं ते तिथं, पुस्तकांच्या कपाटाशी.

शेवटचा धडा झाला त्या दिवशी सुमन आत आली. हात मागे बांधलेले, चेहरा उजळलेला.

"बाई, दिलं समदं. आता माझं बी झालं." मग म्हणाली, "ती परीक्षा परत कधी हाय?"

मी म्हणाले, नसते गं परत. पाचवीसाठी एकदाच असते.

"आस्सं," ती म्हणाली. खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर घागरी होत्या. मग ती ओसरीवर गेली आणि मापातली वाळू अंगणात नीट ओतून, माप पदरानं पुसावं तसं फ्रॉकच्या घेरानं पुसून, बापाकडे परत न्यायला निघाली.

यंदा पाऊस थोडा पडला, इतका की डोंगरावर महिनाभर हिरवी छटा राहिली आणि मग विटली. सोसायटीचं दार काही उघडलं नाही. दिवाळीनंतर ट्रक आले. आप्पा ट्रकच्या पाठीमागे भांड्यांवर बसले होते, मांडीवर ते माप. ते त्यांनी का बरोबर घेतलं हे मी विचारलं नाही. सुमनच्या कडेवर धाकटा होता. धुरळ्यात मला तिची लाल रिबीन तेवढी दिसत राहिली, एक टोक सुटलेलं. लताचं घर मात्र गावातच राहिलं, कारण भट्टीवर तिच्या आईची कंबर गेली आणि एका माणसाचा कोयता होत नाही.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना सुमनचं नाव आलं तेव्हा मी पुढचं नाव घेतलं नाही. मग मागच्या रांगेतून लता उठली. हात तोंडाशी नेला, खाली घेतला.

"ठेवलंय, बाई," ती म्हणाली.

तेव्हापासून दुपारी खिचडीनंतर मी पुन्हा शिकवते, आणि लता पाटीवर थाप मारते, सुमनच्या थापेहून थोडी हलकी. गेलेल्या माणसांना काळ आपल्यापासून किती दूर नेतो ते मला ठाऊक नाही; हजेरीत तिच्या नावानंतर मी जरा थांबते इतकंच, आणि ती शांतता माझी नाही, तिची आहे, म्हणून ती येईपर्यंत मी ती वापरत नाही.