वातकुक्कुटाच्या पायातला खिळा

मी एक जुना वातकुक्कुट आहे. वातकुक्कुट म्हणजे वारा कुठून येतो ते दाखवणारा कोंबडा. एवढंही तुम्हाला सांगावं लागतं, यातच सगळं आलं. मित्रांनो, माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. का, ते ऐका.

पुण्याच्या तांबट आळीत तांब्याचा पत्रा ठोकून मला घडवलं. एकोणीसशे सत्तावन्न साली कोळवणच्या हैबतरावांनी मला विकत घेतलं. वाऱ्यासाठी नव्हे हं! पंचक्रोशीत कुणाच्या घरावर असा कोंबडा नव्हता म्हणून. टेकाडावरच्या त्यांच्या कौलांवर मी चढलो आणि येणारेजाणारे विचारू लागले, "आरवतो का हो?" धन्य ती अक्कल!

माझं काम सोपं. वारा जिकडून येईल तिकडे चोच करायची. पावसाळ्यात समुद्रावरून ओला वारा येतो, सह्याद्रीला धडकतो, वर चढून गार होतो आणि सगळं पाणी घाटमाथ्यावर ओततो. पार बंगालच्या उपसागरात हवेचा दाब कमी झाला, की इथे हाच वारा आणखी जोर धरतो. ढग घाटावरून हलत नाहीत आणि खाली कोळवणात मात्र उघडीप असते. माणसाला वाटतं, आपलं अंगण कोरडं म्हणजे जग कोरडं. घाटावरचं पाणी शेवटी आपल्याच नदीला येणार, हे त्याच्या गावीही नसतं.

मला नीट वाचणारी एकच बाई होती. खालच्या खळग्यात शेरडं राखणारी तुकाबाई. तिथे वारा लागत नसे की घाट दिसत नसे, म्हणून ती वर माझ्याकडे बघायची. चिखलात शेरडांचे खूर कुजतात, त्यामुळे उघडीप मिळाली की ती त्यांना नदीतल्या खडकाळ, कोरड्या बेटावर नेई. पण माझी चोच पश्चिमेला ताठ असली, तर नवऱ्याला म्हणायची, "कोंबडा घाटाकडंच बघतुया. तितं लई पडतोय. आज न्हाई जायाचं." तिने असं म्हटलं की मला बरं वाटायचं. का खोटं बोलू?

मग हैबतरावांचे व्याही यायचे झाले. घराचा दरवाजा पूर्वेला आणि माझी चोच पश्चिमेला, म्हणजे येणाऱ्याला दिसणार माझं शेपूट.

"पावन्यास्नी ढुंगन दावतोय का हा?" हैबतराव कडाडले. "भैरू, फिरव त्याला आन् ठोक खिळा!"

भैरू त्यांचा गडी. तो चाचरत म्हणाला, "मालक, मग वारा कसा कळायचा?"

"अंगाला लागतोय की वारा! आन् पावनं गेलं की काढू."

पाहुणे जेवले, गेले. खिळा तसाच राहिला. वारा मला ढकलत होता, माझा पाय करकरत होता आणि मी मूर्खासारखा रस्त्याकडे बघत उभा होतो.

त्यानंतर झड लागली आणि श्रावणात एका सकाळी पहिल्यांदा ऊन पडलं. तुकाबाईने वर पाहिलं. माझी चोच पूर्वेला! ती हसून नवऱ्याला म्हणाली, "वारा फिरला. घाट उघडला आसंल." आणि शेरडं घेऊन ती बेटावर गेली. पाठीमागे घाट काळाठिक्कर झाला होता. मला तो दिसतही नव्हता.

दुपारी ऊन असतानाच लाल पाण्याचा लोंढा आला. तुकाबाई बेटावरच्या करंजावर चढली. संध्याकाळी पाणी ओसरल्यावर लोकांनी दोर टाकून तिला काढलं, तेव्हा तिच्या पोटाशी एक करडू होतं. बाकी सगळा कळप गेला.

दुसऱ्या दिवशी ती दारात येऊन उभी राहिली. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्यो कोंबडा खोटं बोलला."

हैबतराव पानाला चुना लावत म्हणाले, "पत्र्याच्या कोंबड्याचं ऐकून कुनी नदीत जातं व्हय?" खिळ्याचं नाव त्यांनी काढलं नाही. भैरू खाली मान घालून उभा राहिला. दोघांचीही मला किळस आली.

पुढल्या दिवाळीला मला घासूनपुसून लख्ख केलं. खिळा मात्र कुणी काढला नाही. तो गंजून आपणच तुटला आणि मी पुन्हा पश्चिमेला वळलो. मित्रांनो, मला घासू नका, तेल घालू नका, कौतुक तर मुळीच करू नका. खरं सांगणाऱ्याला आपल्या सोयीने फिरवू नका, एवढंच करा.

आता माझी चोच बरोबर असते. तुकाबाई रोज खालून जाते, तिच्या मागे ते करडू मोठं होऊन चालतं. ती वर बघत नाही.