काचेत उरलेला करंट

मित्रांनो, मी एक जुना, जाड पाठीचा कॉम्प्युटर मॉनिटर आहे. कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते काळाचौकीच्या चाळीत, लहूच्या खोलीत.

लहू गिरणी कामगार होता. संपात काम गेल्यावर तो टीव्ही दुरुस्ती शिकला. मला त्याने आपल्या मुलीसाठी आणलं. नलू माझ्यासमोर बसून छापखान्यासाठी लग्नपत्रिका आणि मंडळांचे अहवाल टाइप करायची. घर त्यावरच चालायचं. "याची अक्षरं डोळ्यांना लागत नाहीत," असं ती म्हणाली, की मला बरं वाटायचं.

पाच वर्षांनी माझं चित्र आक्रसत गेलं आणि एके सकाळी अंधार झाला. लहूने प्लग काढला, मागचं झाकण उघडलं आणि काचेत साठलेला करंट आधी जपून काढून टाकला. त्याचा मुलगा रघू बघत होता.

"प्लग काढलाय ना बाबा? मग भीती कसली?"

"प्लग काढला तरी आत करंट उरतो रे. मी नसताना हात लावू नको."

काचेला करंट देणारा माझा ट्रान्सफॉर्मर अर्धवट जळाला होता. लहू सुट्या भागांसाठी लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत दोनदा जाऊन आला. दुकानदार माझ्या नंबरचा नाही, जवळच्या नंबरचा देत होता. लहूने घेतला नाही. "बसेल, पण एक दिवस पेटेल," तो घरी म्हणाला.

गणपती जवळ आले. नलूचं काम अडलं. तिने मला परत परत चालू करून बघितल्याने माझ्या काचेत पुन्हा करंट साठला होता. लहू बरोबर नंबरचा भाग शोधायला भायखळ्याच्या भंगारवाल्याकडे गेला, तेव्हा रघूने तोच जवळच्या नंबरचा भाग आणला.

"बाबा उगाच घाबरतात. दुपारी तुझं काम सुरू होईल," तो बहिणीला म्हणाला.

त्याने प्लग काढला होता. तरीही झाकण उघडून आत हात घालताच माझा धक्का बसून तो स्टुलावरून मागे फेकला गेला. डोकं ओट्याच्या कडप्प्यावर आपटलं. तो उठला नाही.

लहू बरोबर नंबरचा भाग कागदात गुंडाळून आला. गॅलरीत माणसं उभी होती. कोणी त्याच्याकडे बघेना.

महिन्याने त्याने तो भाग मला बसवला. पडदा उजळला. नलूने स्विच बंद केला. "बाबा, मला याच्यासमोर बसवत नाही."

आता मी भंगाराच्या ढिगात आहे. तांब्यासाठी माझ्यासारख्यांना फोडतात. मित्रांनो, माझी पाठ तुम्ही उघडू नका. जाणत्या माणसाला बोलवा, आणि त्याला वेळ लागला तर थांबा.