तिसरी पिन

थोरली कारखान्यात इलेक्ट्रिक पॅनेलचं वायरिंग करायची आणि तिचा राग कायम नाकावर. धाकटी गिटार वाजवायची, गायची, आणि तिचा राग कुठे असतो ते अजून कुणाला सापडलं नव्हतं. आज धाकटीला पहिल्यांदाच मोठ्या हॉलमध्ये वीस मिनिटं मिळाली होती. नेमका आजच तिच्या गिटारचा आवाज मोठा करणारा अँप भुंग्यासारखा घूं करत बसला होता.

"चारपर्यंत हा आवाज बंद झाला नाही, तर तुमची वीस मिनिटं दुसऱ्याला," हॉलचा मॅनेजर म्हणाला. साडेतीन वाजून गेले होते.

थोरली स्टेजवर उकिडवी बसली. आधी गिटारची वायर काढली. घूं तसंच. म्हणजे गिटारचा दोष नाही. मग आवाज बदलायला पायाने दाबायची ती पाच पेडलं काढून टाकून गिटार सरळ अँपला जोडली, तर सगळं चिडीचूप. बघते तर पेडलं उजव्या भिंतीच्या बोर्डावर आणि अँप डाव्या भिंतीच्या. दोन्हीकडून अर्थिंग आलं की वायरींचं एक भलंमोठं वेटोळं तयार होतं, आणि ते घूं करतं. दोन्ही एका बोर्डावर घ्यायचे, की झालं. त्यासाठी लांब वायर शोधायला ती उठली, तेवढ्यात हॉलचा साउंडवाला पक्कड घेऊन हजर.

"एवढी खटपट कशाला, बाई? अँपच्या प्लगची तिसरी पिन मोडा. अर्थिंग गेलं की घूं गेलं. सगळे तेच करतात."

"ताई, मोड ना," धाकटी रडवेली झाली होती. "चार वाजत आले."

"नाही मोडणार."

"अगं, पण आवाज जाईल!"

"आवाज जाईल, आणि उद्या आत काही बिघडलं की करंट तुझ्या हातात येईल. ती पिन शोभेला नाही लावलेली."

साउंडवाला हसला. "आमच्या मिक्सरची पिन पंधरा वर्षांपूर्वीच मोडलीय. काय झालं? आवाज बघा कसा स्वच्छ!"

हे त्याने फुशारकीने सांगितलं. थोरलीने मात्र मान वळवून मिक्सरच्या वायरीकडे पाहिलं. त्या मिक्सरला जोडलेल्या माइकवर धाकटी ओठ टेकवून गाणार होती. तिने पिशवीतून मीटर काढला. एक टोक गिटारच्या तारांना लावलं, दुसरं माइकच्या जाळीला. काटा शंभर व्होल्टच्या पुढे जाऊन थांबला. हातच्या कांकणाला आरसा कशाला!

"या दादा," ती साउंडवाल्याला म्हणाली. "एक हात या तारांवर ठेवा आणि माइकला ओठ लावा. पंधरा वर्षांचा अनुभव आहे ना?"

तो खरंच पुढे आला असता तर तिनेच त्याला मागे ढकललं असतं. पण तो कसला येतोय! त्याने काट्याकडे पाहिलं आणि हळूच पक्कड खिशात घातली.

"आजच्या दिवस चालवून घ्या," मॅनेजर मध्ये पडला. "उद्या बघू. नाहीतर मी दुसऱ्याला बोलावतो."

तेव्हा धाकटीचा राग सापडला. "बोलवा!" ती एवढ्या जोरात ओरडली की पडद्यामागचे वादक बाहेर आले. "माझी वीस मिनिटं ज्याला द्यायची त्याला द्या. पण त्या माइकमध्ये काय आहे ते मी त्याला आधी सांगणार. कोण येतंय? या!"

कुणीही येईना. एक ढोलकवाला तर दोन पावलं मागेच सरकला. मॅनेजरने हात टेकले. थोरलीने मिक्सर बंद करून त्याला पिशवीतला नवा प्लग बसवला, आणि लांब वायर लावून पेडलं-अँप एका बोर्डावर घेतले. चार वाजून गेले होते, पण घड्याळ दाखवायची कुणाची छाती झाली नाही. काटा शून्यावर आला. घूं गेलं, तळाशी थोडी गुणगुण तेवढी उरली.

लोक आत येऊन बसले. धाकटीने गिटार गळ्यात घातली, माइकसमोर उभी राहिली, पण ओठ काही पुढे जाईनात. मीटरवर तिचा विश्वास होता, ओठांना मात्र ते कळत नव्हतं.

थोरली तशीच, मळकट कपड्यांत, स्टेजवर चढली. एक हात धाकटीच्या गिटारच्या तारांवर गच्च दाबला, आणि जन्मात कधी माइकसमोर न बोललेल्या त्या बाईने जाळीला ओठ टेकवले.

"थोडी गुणगुण राहिली आहे," तिचा आवाज हॉलभर घुमला. "ती राहणार. ज्यांना खपत नसेल त्यांनी कानात बोटं घालावीत. माझी बहीण गाणार आहे."