रुपीच्या अंगठ्यावरची गुंज

मी एक जुना नेलकटर आहे. सकूच्या घरातल्या कुडाच्या भिंतीवर, पेटीच्या किल्लीसोबत लाल दोऱ्यात लटकतो. वारा आला की किल्ली माझ्यावर आपटते आणि मी हलतो. खरं सांगू? वारा नसला तरी माझ्या जिवाला स्वस्थता नाही. मागच्या वर्षीची एक गोष्ट आत टोचत राहते. ती तुम्हाला सांगून टाकतो, मित्रांनो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. पोलादाची पट्टी, तिच्यावर दणकन पडलेला ठसा, मग धार लावणारा दगड, एवढंच आठवतं. मोखाड्याच्या आठवडा बाजारात आरसे, फण्या आणि पिनांच्या ढिगात मी पडून होतो. सकू तेव्हा नुकतीच आई झाली होती. तिच्या कडेवरची दोन महिन्यांची रुपी आपल्याच नखांनी आपले गाल ओरबाडून घेई. म्हणून सकूने मला उचललं. बाळ झोपलं की ती माझं तोंड त्या कागदासारख्या नखांशी आणायची, श्वास रोखायची आणि कट् आवाज झाला की एकटीच हसायची. तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटे. जामसरजवळच्या आमच्या पाड्यात मी घरोघर फिरलो. "सकूकडला नेलकटर आण गं," असं कुणी म्हटलं की मी निघालोच!

माझा सगळ्यात मोठा दिवस म्हणजे आवणीचा आदला दिवस. दुसऱ्या दिवसापासून सगळे भाताची रोपं लावायला चिखलात उतरणार. नखांच्या कोपऱ्यांत चिखल राहिला की पायांना चिखल्या होतात, अशी आमच्या पाड्यातली समजूत. म्हणून सकू ओट्यावर बसून घरातल्या सगळ्यांची नखं कापायची, कोपऱ्यांत शिरून, अगदी मुळापर्यंत. मागच्या वर्षीही तसंच केलं. रुपी तेव्हा बारा वर्षांची होती.

"आये, दुखतं ना!"

"गप बस. कोपरा राहिला तर चिखल जाईल. पाय सडवायचा काय तुला?"

मी आत शिरलो. हे जास्त होतंय हे मला कळत होतं. पण मला दाबणारा हात मायेचा होता, आणि मला थांबता येत नाही.

आवणी उरकेपर्यंत रुपीच्या उजव्या अंगठ्याची कड सुजली. नखाचा कोपरा बाहेर यायच्या ऐवजी मांसात रुतला होता. मग तिथे एक लाल ठिपका आला. आठवडाभरात तो गुंजेएवढा झाला, आणखी पंधरा दिवसांत करवंदाएवढा. ओला, चकचकीत, लालभडक. नुसता गवताचा धक्का लागला तरी रक्त! रुपी त्याच्यावर चिंधी गुंडाळून फिरू लागली. शेजारच्या माघ्याकाकाचा अंगठा सडला म्हणून कापावा लागला होता, ते तिने पाहिलं होतं. घरात कुणी नसलं की ती मला खिळ्यावरून काढायची, माझ्या टोकाने नखाची कड उचकटून बघायची आणि कळ आली की मला घट्ट मुठीत धरून बसायची. तिची मूठ घामाने ओली असायची.

शेवटी घरातल्या गोदीआत्याने पकडलंच. "काय गं, नव्या नवरीगत चालतेस ती?" म्हणत आत्याने चिंधी ओढली, आणि तिची थट्टा तिथेच थांबली. "सकू, या काय बरा नाय. बिबा तापव नि चटका दे. जळून जाईल."

बिब्याच्या चटक्याचा एक डाग सकूच्या स्वतःच्या पोटरीवर होता. ती म्हणाली, "चटका नको. कापूनच टाकते. एक कट्, बास. डोळं मिट, माझी बाय."

तिने मला उकळत्या पाण्यातून काढलं. मित्रांनो, मला मान फिरवता येत नाही. माझे जबडे त्या लाल गोळ्यावर मिटले आणि रुपी अशी किंचाळली की कोंबड्या कुंपणापार गेल्या. अर्धाच गोळा तुटला. रक्त थांबेना. सकूने पदर दाबला, तो भिजला. "आत्या, हिला माझ्या पाठीवर चढव! जीप बघते!" लेकीला पाठुंगळी घेऊन ती रस्त्यावर धावली. मी तिच्या मुठीतच राहिलो होतो. तिला ते जव्हारच्या दवाखान्यात कळलं.

तिथे योगिता नावाच्या डॉक्टरबाई होत्या. त्यांनी आधी अंगठा दाबून धरून रक्त थांबवलं. मग विचारलं, "कशाने कापलं?"

सकूने मला टेबलावर ठेवलं. "मीच कापला, बाई. नख पण मीच कापला होता."

रुपीने रडत बाईंनाच विचारलं, "तू माझा आंगठा कापशील?"

"अंगठा कशाला? तो तुला पळायला लागेल," बाई म्हणाल्या. "नख मांसात टोचत राहिलं, म्हणून तिथे बारीक रक्तवाहिन्यांचा गोळा वाढला. कॅन्सरची गाठ वाटत नाही. तरी तुकडा तपासायला पाठवू. सुई देऊन जागा बधिर करते, नखाची रुतलेली कड काढते आणि गोळाही काढते. पण घरी कापायचं नाही, चटका द्यायचा नाही. कळलं, सकूताई?"

दहा दिवसांनी तपासणीचा कागद आला. त्यात वाईट काही नव्हतं. ते ऐकून सकू दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली.

आणि मी? मला तिने पेटीच्या तळाशी टाकलं. वर्षभर मी अंधारात गंजत होतो. ती मला फेकून देईल का, हाच विचार. फेकलं असतं तरी माझी तक्रार नव्हती.

यंदा आवणीच्या आदल्या दिवशी पेटी उघडली. रुपीने मला पुसलं, तेल लावलं आणि सकूपुढे धरलं. सकू माझ्याकडे बघतच राहिली. "मला नाय जमायचा. हात धजत नाय."

तेव्हा रुपीनेच पाय पुढे घेतला. नख सरळ कापलं, कोपरे तसेच ठेवले. मग आईचा पाय मांडीवर घेतला. गोदीआत्याही पाय पसरून बसली. "माझी पण काप. कोपरे ठेव पण! नायतर मला पाठुंगळी कोण नेईल जव्हारला?" सकू हसली. वर्षभरानंतर माझ्यादेखत ती पहिल्यांदाच हसली.

मित्रांनो, नखं सरळ कापा, फार खोल जाऊ नका. कुठे लाल गोळा दिसला तर तो चिंधीखाली लपवू नका, डॉक्टरांना दाखवा. माझे जबडे दाबले की मिटतात, मला दुसरं काही येत नाही. कोपऱ्याशी आलात की माझ्याऐवजी तुम्हीच थांबा.