पांढऱ्या फरशीवरचा डाग

नव्या घरात पांढरा संगमरवरच टाकायचा, असं मी महिनाभर घोकून राहिली होती. माही सून माधवी अकोल्याची. तिच्या माहेरी हॉलभर पांढरा संगमरवर हाये, अन् आमची विहीणबाई दर खेपेले दारातच सांगते, "जरा पाय पुसून या." म्या मनात धरलं होतं, आता तिनं अमरावतीले आमच्या घरी पाय पुसून यावं.

माधवीचं म्हणणं वेगळं. तिनं दुकानातून फरशीचे चार तुकडे घरी आणले अन् माह्या खोलीपासून बाथरूमपर्यंत वाटेत मांडले. "आठ दिवस याच्यावरून चाला, ओल्या पायानं चाला, चहा सांडा, तेल सांडा. मंग ठरवू." त्यात एक तुकडा पांढऱ्या संगमरवराचा, माह्या हट्टापायी, अन् एक खरबरीत राखाडी, तिच्या पसंतीचा. मी म्हणलं, "फरशी पाहून राहिली का नवरदेव?" तिनं तुकडे पायानं सरळ केले. ती उलटून बोलत नाही, म्हणूनच मले तिचा राग येते.

मी सरकारी दवाखान्यात आया होती. जल्मभर लोकाईचे लघवीचे भांडे काढले. एखादी बाई लाजली का मी वसकन अंगावर जायची, लाजते काहून, देहाचं काम हाये. दुसऱ्याले सांगाले काय जाते. आता वर्ष झालं, माहं मलेच थांबत नाही. शिंक आली, खोकला आला, का लुगडं भिजते. मी गुपचूप धुते अन् गुपचूप वाळवते. पोराले, सुनेले हे कळू द्यायचं नाही, एवढंच धरून बसली होती.

शनिवारी दुपारी मी बाथरूमकडं निघाली अन् वाटेतच शिंक आली. पाय नेमका पांढऱ्या तुकड्यावर. गुडघे वाकत नाहीत, पुसू कशी? पायानंच पायपुसणं ओढलं अन् त्याच्यावर टाकलं. मान वर केली तं दारात माही नात प्रिया उभी. पाचवीत हाये, शाळा अर्धी होती. तिनं सगळं पायलं होतं. ती बिचारी फडकं आणाले निघाली, तं मी तिच्यावरच वरडली, "राहू दे. अन् आईले सांगशीन नको." तिनं मान हलवली.

संध्याकाळी माधवीनं पायपुसणं उचललं. खाली पिवळा डाग, बशीएवढा.

"हे काय सांडलं, आई?"

"प्रियानं चहा सांडला असन," माह्या तोंडातून निघून गेलं.

पोरगी तिथंच अभ्यास करत होती. तिनं डोकं वर केलं नाही. माधवीनं तिले दोन शब्द ऐकवले अन् मले म्हणे, "पायलं ना आई? हा दगड डाग पिते." तिथं मी गप राहिली असती तं भागलं असतं. पण विहीणबाई डोळ्यापुढं आली. मी म्हणलं, "चहाचा डाग, त्याले काय होते? दुकानात घेऊन चाल, ते काढून देतीन."

दुसऱ्या दिवशी आमी तिघी दुकानात गेलो. रविवार, गिऱ्हाईक भरपूर. मले खुर्ची दिली. शेखरभाऊ, दुकानाचा मालक, त्यानं तुकड्यावर पाणी टाकलं, अंगठ्यानं घासलं अन् नाकाले लावलं. मले काय माहीत, फरशीवाले डाग हुंगून पाहतात म्हणून.

"ताई, हा चहा नाही," तो माधवीले म्हणे. "घरी कुत्रं-मांजर हाये का?"

"नाही भाऊ."

"मंग हे पोरीचं काम." तो हसला. बाजूचे दोघं-तिघं हसले.

माधवीनं प्रियाकडं पायलं. "तू सू केली? एवढी मोठी झाली अन्..."

मी मनात म्हणलं, आता ही माह्याकडं बोट दाखवते. पोरीनं माह्याकडं एकदा पायलं, मंग खाली मुंडी घातली. "हो. मी केली," ती म्हणे.

लोकं आणखी हसले. तिचे कान लालबुंद झाले. अन् मी खुर्चीत बसून. लुगडं भिजलं तवा लाज वाटली होती, पण ते काहीच नव्हतं. एवढीशी पोरगी माही घाण आपल्या अंगावर घेऊन उभी होती अन् मी म्हातारी ते घेऊ देत होती.

"शेखरभाऊ," मी म्हणलं, "पोरीले हसू नका. ती मी केली. माहं मले थांबत नाही."

शेखरभाऊनं तुकडा हळूच काउंटरच्या खाली ठेवला. माधवीनं माह्याकडं पायलं नाही, मले अजून लाज वाटू नये म्हणूनच असन. तिनं खरबरीत राखाडी फरशीवर हात ठेवला. "सगळ्या घरात हीच द्या भाऊ," ती म्हणे. "डाग नाही धरत अन् पायही नाही घसरत."

"हो, हीच घ्या," मी म्हणलं.

प्रिया तोवर रडली नव्हती. आता माह्या मांडीत तोंड खुपसून हुंदके देऊ लागली.

"मी म्हटलं होतं ना मी केली," ती म्हणे. "मग तू काहून सांगितलं, आजी?"