कडू विहिरीची टपालमांडणी

मित्रांनो, मी एक जुनी टपालमांडणी आहे. गावकऱ्यांच्या पत्रांसाठी अठ्ठेचाळीस कप्पे, अठ्ठेचाळीस पितळी दारं आणि तेवढ्याच चाव्या. त्यांतल्या एकोणचाळीस अजून लागतात. वय शंभरीच्या पुढे गेलं आहे, पण म्हणून मला 'बिचारी' म्हणायच्या भानगडीत पडू नका. मला ते खपत नाही. मी अमेरिकेत, नेवाडाच्या वाळवंटात, बिटर वेल म्हणजे कडू विहीर नावाच्या गावात उभी आहे. गेल्या वर्षी जिल्हा कचेरीने हे गाव मेलं असं खुशाल लिहून टाकलं होतं. तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे, आणि आज मी सगळं सांगून मोकळी होणार आहे.

माझा जन्म १९०७ सालचा. वरच्या घळीत चांदी सापडली होती आणि सहा महिन्यांत तिथे तंबूंचं गाव उभं राहिलं होतं. जेबेझ ट्रेगेन्झा नावाचा इंग्लंडातल्या कॉर्नवॉलचा सुतार खाणीत लाकडी टेकू लावायचा. त्याने सुरुंगाच्या दारूची रिकामी खोकी फोडली आणि त्या फळ्यांतून मला जुळवलं. रंधा मारताना तो देवाची गाणी म्हणायचा आणि गाठ लागली की शिव्या द्यायचा. माझ्या पाठीवर अजून 'धोका' ही अक्षरं वाचता येतात. मला त्यांचा अभिमान आहे.

आमच्या गावात कप्पा घेण्याची एक रीत होती. चिठ्ठीवर आपलं नाव लिहायचं, खाली कुठून आलो ते लिहायचं, आणि ती चिठ्ठी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायची. पहिला कप्पा घेतला विलिस स्टीलने. तो शोशोनी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या जमातीतला. घळीतली विहीर त्यानेच खाणवाल्यांना दाखवली होती, नाहीतर सगळे तहानेने मेले असते. त्याने नाव लिहिलं आणि खाली लिहिलं, 'इथलाच'.

टपालमास्तर हसला. म्हणाला, "अरे, कुठून आलास ते लिहायचं असतं."

"आलो नाही," विलिस म्हणाला. "आलात तुम्ही."

ती चिठ्ठी अजून माझ्या पोटात आहे. तिच्यानंतर जेबेझ आला, सर्बियाचे खाणकामगार आले, चिनी खानावळवाला आला, फ्रान्सच्या डोंगरातले बास्क मेंढपाळ आले. ही एवढी माणसं कुठून कुठून आली ते मला विचारा. पुस्तकात बघायला जाऊ नका.

दुसरी रीत अशी की माणूस मेला तरी त्याचा कप्पा मोडायचा नाही. त्याचं कुणी नातलग येऊन चावी मागेपर्यंत तो त्याचाच. सरसकट वाटायची पत्रकं आली की मेलेल्यांच्या कप्प्यातही एकेक पडायचं. बाहेरच्याला हे वेड वाटेल. वाटू दे.

१९१९ साली चांदी संपली. तेव्हा लोकांनी घरं गाड्यांवर चढवली, मला खेचरांच्या गाडीत घातलं आणि खाली रेल्वेच्या थांब्यापाशी आणलं. गावाचं नाव माझ्याबरोबर आलं. आमच्याकडे नाव मातीला चिकटलेलं नसतं, टपालाला असतं. १९४० साली रेल्वेने रूळ उखडून नेले, तेव्हा आम्ही पुन्हा हललो आणि नऊ मैलांवर गोड्या पाण्याच्या विहिरीपाशी आलो. पाणी गोड झालं, नाव कडूच राहिलं. कुणालाही ते बदलावंसं वाटलं नाही.

ते माझे भरभराटीचे दिवस होते. शुक्रवारी टपाल यायचं तेव्हा माझ्यासमोर रांग लागायची. कुणी पत्र वाचून तिथेच खाली बसायचं, कुणी उगाच दार पुन्हापुन्हा उघडून आत हात फिरवायचं. माझी पितळी दारं हातांनीच चकचकीत राहायची, त्यांना वेगळं घासावं लागत नसे. मग एकेक घर रिकामं होत गेलं. १९९१ साली वरून हुकूम आला आणि टपालघर बंद झालं. दोन माणसं येऊन शिक्का, तराजू आणि दारावरची पाटी घेऊन गेली. मला न्यायला त्यांच्या गाडीत जागा नव्हती. जाताना एकाने माझ्या दारावर टिचकी मारली आणि म्हणाला, "हिला जाळायला वापरा, लाकूड चांगलं आहे." तो माणूस मी विसरलेले नाही.

मला सांभाळलं ते ग्राश्यानाने. ग्राश्याना एचेवेरी ही शेवटची टपालमास्तरीण. पगार थांबला, तिचं काम थांबलं नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी टपालाची गाडी खांबाला पोतं अडकवून जाते. ते ती ओढत आणते आणि माझ्यात लावते. ती आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, गुडघे कुरकुरतात, आणि वरच्या कप्प्यांसाठी ती दुधाच्या क्रेटवर चढते. तिचा मुलगा मात्तिन शहरात असतो. दर रविवारी त्याचा फोन येतो आणि दर रविवारी तो तेच म्हणतो.

"आई, अकरा मैल मातीचा रस्ता आहे तो. जिल्ह्याने एक वर्ष सपाटीचं यंत्र फिरवलं नाही तर वाहून जाईल. मग तुला डॉक्टरकडे कोण नेणार?"

"रस्ता आहे तोवर मी आहे," ती म्हणते. "नसेल त्या दिवशी ये न्यायला."

म्हणजे सगळं त्या रस्त्यावर अवलंबून होतं. आणि गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये तोच जायची वेळ आली.

जिल्हा कचेरी एक यादी करत होती. जिल्ह्यात कोणकोणत्या वस्त्या आहेत, कशा वसल्या, कुठे आहेत. यादीत 'निर्जन' लागलं की त्या गावचा रस्ता बंद. मिस ओल्ड्रिज नावाची मुलगी नकाशा घेऊन निघाली. नकाशा जुना होता. ती सरळ वरच्या घळीत गेली, तिथे तिला एक धुराडं आणि दोन सरडे दिसले. तिने लिहिलं, बिटर वेल, निर्जन.

कचेरीचं तसं पत्र शुक्रवारच्या पोत्यातून आलं. पत्ता होता, 'बिटर वेलमधील शिल्लक मालमत्तेचे धनी'. ग्राश्यानाने ते उभ्याउभ्या वाचलं. मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं. माझ्या बिजागऱ्या करकरल्या. तिने त्याच कागदाच्या मागे लिहिलं, 'मेलेल्या गावाला पत्र पाठवलंत, ते पोचलं. उत्तर देणारी जिवंत आहे. येऊन बघा.'

मे महिन्यात मिस ओल्ड्रिज आली. धुळीने भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. शेजारचा ओर्विल, जो जन्मभर रेल्वेचे जुने रूळ गोळा करत आला, तोही तमाशा बघायला येऊन बसला.

"मी गेले होते तिथे," ती म्हणाली. "खरंच कुणी नव्हतं हो."

"पोरी, तू ज्या घराची कडी वाजवलीस ते आम्ही १९१९ साली सोडलं," ग्राश्याना म्हणाली.

"मग गाव नक्की कुठे आहे?"

ग्राश्यानाने माझ्यावर थाप मारली. "ही आहे तिथे."

ओर्विल म्हणाला, "लिही, लिही. हलली की कळवू."

मुलगी वाईट नव्हती. तिने फॉर्म काढला. गाव कुणी वसवलं, असा रकाना होता. ग्राश्यानाने पहिला कप्पा उघडून दाखवला. विलिसची चिठ्ठी वाचून त्या मुलीने ती रकान्यात उतरवून घेतली. मग तिने एकेक दार उघडून बघायला सुरुवात केली. मी श्वास रोखला. कप्प्यांत मंगळवारची पत्रकं होती. ती पुटपुटत मोजत गेली आणि तिचा चेहरा उजळला.

"एकोणतीस कप्पे चालू आहेत," ती लिहिता लिहिता म्हणाली. "मग प्रश्नच मिटला. रस्ता नियमित ठेवायला पंधरा माणसं लागतात. तुम्ही एकोणतीस आहात."

ओर्विलने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ग्राश्यानाकडे बघितलं. नुसतं गप्प राहायचं होतं. एवढ्यावर रस्ता वाचला असता, ग्राश्याना वाचली असती, मीही वाचले असते. खरं सांगते, मला वाटलं, बाई, गप्प राहा.

"सहा," ग्राश्याना म्हणाली.

"काय?"

"आम्ही सहा जण आहोत. बाकीचे तेवीस मेले आहेत. त्यांचे कप्पे आम्ही मोडत नाही, आमची रीत आहे. तू सहा लिही."

"मिसेस एचेवेरी, सहा लिहिलं तर रस्ता..."

"कळतं मला. पण कालपर्यंत तुमच्या लेखी आम्हीच भुतं होतो. आज भुतं मोजून आम्हाला जिवंत ठरवणार? आमच्या मेलेल्यांना तुमच्या कामाला लावायचं नाही. सहा माणसं आहेत, सहांनाही डॉक्टर लागतो, सहांनाही रस्ता लागतो. तसं लिही आणि खाली माझं नाव घाल."

मुलीने एकोणतीसवर काट मारली आणि सहा लिहिलं. ती गेल्यावर ओर्विल म्हणाला, "कशाला बोललीस, ग्राश्याना? तेवीस जणांपैकी कुणी तक्रार करायला येणार होतं?"

"मला रोज त्यांचे कप्पे उघडायचे असतात," ती म्हणाली आणि आत चहा करायला गेली.

यादी छापून आली. बिटर वेल. ठिकाण, दोनदा हललेलं. मूळ, इथलेच आणि नंतर आलेले. वस्ती, सहा. 'निर्जन' हा शब्द गेला. पण रस्त्यावर यंत्र आता महिन्याऐवजी वर्षातून एकदाच येणार. मात्तिन फोनवर म्हणाला, "बघ, सांगत होतो." त्या शनिवारी ओर्विलने आपल्या ढिगातला एक रूळ साखळीने ट्रकमागे बांधला आणि तो फरफटवत अकरा मैल जाऊन आला. रस्ता सपाट झाला. तेव्हापासून दर पावसानंतर तो जातो. सहा जणांपैकी एक जण ट्रकच्या मागे दगड वेचत चालतो. पुढच्या रविवारी मात्तिनने विचारलं, रस्ता कसा आहे. ग्राश्याना म्हणाली, "आहे."

मित्रांनो, आता माझी विनंती ऐका. जुन्या वस्तूंना काचेआड ठेवलं म्हणजे त्यांची काळजी घेतली असं समजू नका. माझी दारं उघडा, मिटा, बिजागऱ्यांना थेंबभर तेल द्या आणि कुणालातरी पत्र लिहा. एखादं गाव नाही असं छापलेलं वाचलंत, तर आधी तिथे जाऊन कडी वाजवा, आणि बरोबर घराची वाजवा.

हे आज सांगायचं कारण म्हणजे परवा जिल्ह्याच्या गावच्या संग्रहालयाचं पत्र आलं. त्यांना मी हवी आहे. खोली वातानुकूलित आहे, दिवा लावणार आहेत, खाली पाटी असणार आहे. ग्राश्यानाने ते पत्र नीट वाचलं, घडी घातली, क्रेटवर चढली आणि बारा नंबरच्या कप्प्यात टाकलं. बारा नंबर मिलुटिन वुकोविचचा. तो खाणकामगार वारून चाळीस वर्षं झाली.

"तो देईल उत्तर," ती मला म्हणाली, आणि दार लावून चावी खिळ्याला अडकवली.