परत घेतलेला ग्रह

ग्रह सापडल्याची बातमी आनेलीनने एका बैठकीत लिहून टाकली होती. तो ग्रह मुळात नव्हताच, ही बातमी मात्र काही केल्या तिच्या हातून उतरेना.

विज्ञान पत्रकारितेचं शिक्षण संपवून ती आपलं ब्रुझ शहर सोडून परदेशातल्या गार्चिंग गावच्या खगोलसंस्थेत सहा महिन्यांच्या उमेदवारीला आली होती. खगोलशास्त्रज्ञ जे बोलतात ते चारचौघांना कळेल असं लिहायचं, हे तिचं काम. पहिलीच बातमी अशी मिळाली की नशीब फळफळलं म्हणायचं. डॉक्टर रोझविथा क्राइटमायर या बाईंनी उभा जन्म दुसऱ्यांची मोजमापं निस्तरण्यात घालवला होता. निवृत्ती तोंडावर आली असताना त्यांना स्वतःचा असा एक ग्रह सापडला. बाईंच्या गावच्या, फ्रायझिंगच्या पेपरने तर पहिल्या पानावर ग्रहाचं निळंजांभळं चित्र छापलं. ग्रह कोणी पाहिला नव्हता. अशी चित्रं संस्थेचा चित्रकार अंदाजाने काढतो आणि खाली बारीक अक्षरात ‘काल्पनिक’ असं लिहितो. बारीक अक्षरं वाचतो कोण?

मग नवी मोजमापं आली आणि बाईंनाच शंका आली. दुसरं कोणी असतं तर डोळ्यावर कातडं ओढून निवृत्तीचा केक कापून मोकळं झालं असतं. बाईंनी स्वतःच सगळं पुन्हा तपासलं, ग्रह नाही, ताऱ्यावरचेच डाग आहेत, असा निकाल काढला आणि स्वतःच्या नावाने नियतकालिकाकडे लेख धाडला. तो सोमवारी छापून येणार होता. त्याच दिवशी संस्थेनेही बातमी द्यायची, असा रिवाज.

शुक्रवारी सकाळी बाई आनेलीनच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. अंगातला कोट काढायचंही त्यांना भान नव्हतं.

“तुझ्या साहेबाला सांगून बघशील? थोडं पुढे ढकलता येतंय का?”

कारण आनेलीनला ठाऊक होतं. बाईंचा नवरा कोर्बिनियान, फ्रायझिंगचा जुना बेकरीवाला, जिथून कोणी बरं होऊन घरी जात नाही अशा शुश्रूषागृहात होता. ग्रहाचं चित्र त्याने पलंगासमोर लावून घेतलं होतं आणि येणाऱ्या प्रत्येक नर्सला तो सांगायचा, “माझ्या बायकोने शोधलाय.” तिथे रोज सकाळी कोणीतरी येऊन त्याला गावचा पेपर वाचून दाखवायचं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.

बातम्यांचा प्रमुख टिलमान ऐकताच उखडला. “सापडला तेव्हा ढोल बडवलेस, आणि आता तोंड लपवायचं? लोक शेण घालतील तोंडात!” मग त्याला बाई दारात दिसल्या. तो खुर्चीतून उठला. “सोमवार माझ्या हातात नाही हो. माझ्या हातात असता तर...”

बाई बाहेर बाकावर जाऊन बसल्या. आनेलीन कॉफीचे दोन कप घेऊन गेली. बाईंनी कप घेतला, पण प्यायल्या नाहीत.

“आमचा संसार कसा होता सांगू? सगळं गाव झोपायचं तेव्हा आम्ही दोघं कामाला. तो भट्टीवर, मी ताऱ्यांवर. सकाळी एकत्र न्याहारी करायची आणि पडदे ओढून झोपायचं. रोज विचारायचा, ‘काय सापडलं, रोझी?’ मी रोज म्हणायचे, ‘काही नाही.’ अख्खा जन्म, पोरी, काही नाही! आणि कधी कंटाळला नाही गं विचारायला.”

आनेलीनने आपला कप बाकावर ठेवला.

“काल त्याच्या उशाशी बसले होते,” बाई म्हणाल्या. “आणि माझ्या मनात आलं, रविवारपर्यंत गेला तर बरं होईल. माझाच नवरा! ताऱ्यावरच्या चार डागांपायी मी त्याचं मरण मागतेय.” त्यांनी भरलेला कप आनेलीनच्या हातात परत दिला. “हे नको. त्यापेक्षा सांगून टाकलेलं बरं. पण मला नाही जमायचं. माझं बोलणं त्याला कधी कळलंच नाही, आकडेच जास्त. तुझा लेख मात्र त्याला कळला होता. तू येशील?”

नाही म्हणायला आनेलीनची जीभ रेटेना.

दुपारी दोघी शुश्रूषागृहात गेल्या. खोलीच्या दारापाशी बाई थांबल्या. “तू हो पुढे,” त्या म्हणाल्या आणि व्हरांड्याच्या टोकाच्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

कोर्बिनियान उशांना टेकून बसला होता. हाडं नि डोळे एवढाच उरलेला माणूस, पण डोळे अजून खट्याळ.

“ग्रहवाली पोरगी ना तू? ये, बस. इथला पाव खाऊ नकोस. मेलेल्यांनासुद्धा देऊ नये असा असतो.”

ती बसली. वाटेत मनाशी जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. तिने सरळ सांगितलं. ताऱ्याचा प्रकाश ठरावीक काळाने किंचित हलल्यासारखा दिसायचा. वाटलं, भोवती कोणीतरी फिरतंय, तेच त्याला ओढतंय. आता नव्याने तपासलं तर ताऱ्याच्या अंगावरच डाग निघाले. तारा स्वतःभोवती फिरतो, तसे ते समोर येतात आणि मागे जातात. भोवती कोणीच नाही. कोणी तपासलं, हे तिने सांगितलं नाही. बायकोनेच स्वतःचा ग्रह पुसला, हे या माणसाला आणखी कशाला ऐकवायचं, असं तिला वाटलं.

त्याने समोरच्या चित्राकडे बघितलं.

“म्हणजे पाव करपला होता,” तो म्हणाला, “आणि आपण समजलो माशी फिरतेय.”

“हो.” आनेलीनला रडू फुटलं. “माफ करा.”

“तू कशाला रडतेस? माश्या काय, होतात, जातात.” त्याने दम घेतला. मग दाराकडे बघत आवाज खाली आणला. “रोझीला कळलंय?”

आनेलीनने मान वर केली.

“नाही ना कळलेलं? मग नका सांगू. आत्ता नको.” त्याने तिचं मनगट धरलं. त्या हातात एवढा जोर अजून शिल्लक असेल असं तिला वाटलं नव्हतं. “जन्मभर वाट बघितलीय तिने. त्यात मी हा असा. दोन्ही एकदम नाही झेपायचं तिला. मला जाऊ दे, मग सवडीने सांगा. आणि तुझ्या त्या साहेबाला म्हणावं, तिला जेवल्याशिवाय सांगू नका. रिकाम्या पोटी ती फार रडते. शब्द दे.”

बाईंनी स्वतःच शोधलंय, त्यांना सगळं ठाऊक आहे, त्या बाहेरच उभ्या आहेत, हे सगळं आनेलीनच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात व्हरांड्यात पावलं वाजली.

“शब्द दे,” तो पुटपुटला.

“दिला,” ती म्हणाली.

बाई आत आल्या. आधी नवऱ्याकडे, मग आनेलीनकडे बघायला लागल्या. सांगितलंस का, हा एकच प्रश्न त्या चेहऱ्यावर होता. आनेलीनने नजर खाली वळवली.

“रोझी,” कोर्बिनियान हसला, “बरी हुशार पोरगी आहे ही. म्हणतेय, तुझ्या ग्रहाशेजारी आणखी एखादा असायला हरकत नाही. खरं का गं?”

बाईंना वाटलं, पोरीला जमलं नाही. त्यांच्या खांद्यांवरचा ताण उतरला. हिशोबातला चुकीचा आकडा ज्या बाईने कधी कोणाचा खपवून घेतला नव्हता, स्वतःचासुद्धा, ती पलंगाच्या कडेला बसली आणि तिने नवऱ्याचा हात हातात घेतला.

“असेल,” त्या म्हणाल्या. “परवापासून थोडा थोडा दिसायलाही लागलाय.”

“बघ! मी म्हणत नव्हतो?” कोर्बिनियानने डोळे मिटले. “बैस अशीच. काही खाल्लंस का?”